काचेच्या तळाच्या बोटीतून आईला प्रवाळ दाखवायचे आहेत: जॉली बॉय, नॉर्थ बे की भरतपूर?

राजारामपुरी आठवी गल्ली (प्रश्न)

नमस्कार. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आईला घेऊन सहा दिवसांसाठी अंदमानला जाण्याचे ठरले आहे आणि त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. विमानाची तिकिटे, राहण्याची सोय, सेल्युलर जेल पाहण्याचा दिवस हे सगळे ठरले आहे. अडले आहे ते काचेच्या तळाच्या बोटीपाशी.

आई ६८ वर्षांची आहे. तिने ३१ वर्षे कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेली वसाहत असते, हे तिने दर वर्षी नव्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितले. पण तिने स्वतः पाहिलेले प्रवाळ म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटातला, धूळ बसलेला एक पांढरा तुकडा आणि आजीच्या अंगठीतले पोवळे, एवढेच. निवृत्तीनंतर तिने फारसे काही मागितलेले नाही. ही एक इच्छा मात्र तिने दोनदा बोलून दाखवली आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले. सपाट रस्त्यावर ती अर्धा किलोमीटर आरामात चालते, कठडा असेल तर जिनाही चढते. परंतु उंच पायरी, खाली बसून उठणे आणि हलत्या जागी एका पायावर तोल सांभाळणे तिला जमत नाही. पोहता येत नसल्याने स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा हा विषयच नाही. त्यामुळे तिला समुद्राचा तळ दाखवायचा तर अशी बोट हाच मार्ग उरतो.

माझी धास्ती अनुभवातून आलेली आहे. गेल्या वर्षी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर एका ठिकाणी, ज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, काचेतून तळ दिसतो असे सांगून आम्हाला दुपारी चार वाजता बोटीत बसवले. काचेवर ओरखडे होते, कडेने शेवाळ धरले होते आणि वीस मिनिटे आम्ही फक्त हिरवट गढूळपणा पाहिला. आईला दिलेल्या लाईफ जॅकेटचा एक बकल तुटलेला होता. मी तो पूर्ण वेळ हाताने धरून बसले. परतताना गाडीत आई काहीच बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून विचारते: वरच्या तीन ठिकाणांपैकी तिच्या गुडघ्याला झेपेल आणि जिथे खरोखर काही दिसेल, असे ठिकाण कोणते? कोणत्या वेळी जावे? सहा दिवसांत मी यासाठी एक पूर्ण दिवस आणि दुसरा अर्धा दिवस राखून ठेवू शकते.

शिवाजी पेठ (उत्तर)

ताई, मी दोनदा अंदमानला गेलो आहे, एकदा मुलांना घेऊन आणि एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन. त्या दोन सहलींमध्ये मला जो फरक जाणवला, त्याच्या आधारावर लिहितो.

जॉली बॉय हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. हे उद्यान १९८३ साली स्थापन झाले आणि त्यात लहानमोठी १५ बेटे आहेत. प्रवाळ पाहण्यासाठी मी पाहिलेल्या ठिकाणांत याच्याइतके चांगले दुसरे नाही, कारण तिथे रोज जाणाऱ्यांच्या संख्येवर बंधन आहे, मुक्काम करता येत नाही आणि प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. वंडूरच्या धक्क्यावर पिशव्या तपासतात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटलीसुद्धा आत जात नाही, त्याऐवजी अनामत रक्कम ठेवून दुसरी बाटली घ्यावी लागते. पोर्ट ब्लेअरपासून वंडूर रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर आहे, त्यासाठी वन विभागाचा परवाना आधी काढावा लागतो आणि बोटी सकाळीच सुटतात. फेब्रुवारीत जॉली बॉय खुले असते. पावसाळ्याच्या महिन्यांत ते बंद ठेवून त्याऐवजी रेड स्किन बेटावर नेतात.

पण आपल्या आईंचा विचार केला तर जॉली बॉयची एक अडचण मोठी आहे. त्या बेटाला धक्का नाही. वंडूरहून निघालेली मोठी बोट खाडीतून, खारफुटीच्या कडेकडेने तासभर जाते आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर थांबते. तिथे काचेच्या तळाची लहान बोट तिला येऊन टेकते आणि सर्वांनी भर पाण्यात एका बोटीतून दुसऱ्या बोटीत उतरायचे असते. दोन्ही बोटी हलत असतात, आणि एक वर जाते तेव्हा दुसरी खाली गेलेली असते. माझ्या सासऱ्यांना दोन खलाशांनी दंडाला धरून उतरवले. ते काटक आहेत, तरीही त्यांचा चेहरा त्या क्षणी बदललेला मी पाहिला. परतताना हेच पुन्हा उलट दिशेने, म्हणजे खालून वर. नवा गुडघा असलेल्या व्यक्तीला मी हे सुचवणार नाही.

नॉर्थ बे अगदी जवळ आहे, पोर्ट ब्लेअरच्या ॲबरडीन धक्क्यावरून बोटीने थोड्याच वेळात पोहोचता येते. आपण सर्वांनी ते नकळत हजारो वेळा हातात धरलेले आहे: जुन्या, लालसर रंगाच्या २० रुपयांच्या नोटेच्या मागे माडांच्या झावळ्यांमागून जो किनारा आणि दीपगृह दिसते, ते नॉर्थ बेचेच दृश्य आहे. (नव्या नोटेवर वेरूळ आहे.) तिथे काचेच्या तळाच्या बोटी आहेतच, शिवाय जिना उतरून पाण्याच्या पातळीखाली बसायचे आणि बाजूच्या खिडक्यांतून पाहायचे अशी अर्ध-पाणबुडीसारखी बोटही आहे. मात्र गर्दी फार असते, सी-वॉक, जेट स्की आणि इतर खेळ शेजारीच चाललेले असतात, आणि त्यामुळे पाणी ढवळलेले असण्याची शक्यता राहते.

माझे मत भरतपूरच्या बाजूने आहे. ते नील बेटावर आहे. धक्क्यावरून उतरले की किनारा चालत जाण्याइतका जवळ. पाणी उथळ आणि बरेचसे निवांत असते. वाळूवरून घोट्याएवढ्या पाण्यात चार पावले टाकून बोटीत चढायचे असते आणि बोटवाल्याला सांगितले तर तो स्टूल आणून ठेवतो. नीलला एक रात्र राहा. त्याच दिवशी परत येण्याचा अट्टहास केला तर फेरीबोटीच्या वेळा तुमच्यावर सत्ता गाजवतील आणि समुद्र अनुकूल नसेल तर दुसरी संधी मिळणार नाही.

नावांचा एक गोंधळ आधीच सांगून ठेवतो. डिसेंबर २०१८ मध्ये नील बेटाचे नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. फेरीबोटीच्या तिकिटांवर नवे नाव असते आणि रिक्षावाला जुने सांगतो, तेव्हा दोन्ही ध्यानात ठेवा.

मालवणचा जावई (उत्तर)

मी राहतो कोल्हापुरात, पण सासुरवाडी मालवणची असल्याने वर्षातून चार-पाच वेळा फोंडा घाट उतरतो. ताईंना आलेला अनुभव वाचून वाईट वाटले, कारण आपल्या किनाऱ्याला दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे बुडालेले खडक येतात. त्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत आणि ते मी स्वतः पाहिले आहेत. परंतु ते चांगले दिसतात ते डोळ्यांना मास्क लावून, डोके पाण्यात घातल्यावर. आपल्याकडे नद्यांचा गाळ येतो, पाण्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर असतात, त्यामुळे बोटीत बसून खोलवर दिसेल असे पाणी थोडेच दिवस मिळते. मासळीसाठी हेच पाणी उत्तम असते. तेव्हा आपल्या आईंना केवळ प्रवाळ दाखवायचे असतील तर अंदमानचा निर्णय योग्य आहे, असे मालवणचा अभिमान असूनही मी म्हणेन.

दोन गोष्टी मात्र मालवणातून शिकून तिकडे नेण्यासारख्या आहेत.

पहिली भरती-ओहोटीची. माझे सासरे जन्मभर समुद्रावर गेले. ते तिथी विचारतात, तिची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात: चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता पूर्ण भरती. कोकणात हे गणित घड्याळाइतके नसले तरी कामापुरते बरोबर येते. हे आपल्या किनाऱ्याचे गणित आहे, अंदमानात ते तसेच्या तसे लावू नका. तिथल्या वेळा छापील तक्त्यात पाहा किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. जे दोन्हीकडे लागू पडते ते असे की, पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी जोरात चढते आणि जोरात उतरते, तळाची वाळू उचलली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, हालचाल कमी आणि पाणी निवळ. भरतपूरसारख्या उथळ जागी पूर्ण ओहोटीला बोट प्रवाळाला घासेल, म्हणून चालवत नाहीत. चांगला बोटवाला असेल तर तो स्वतःच नकार देतो. भरती अर्ध्याहून अधिक झाली की जावे. आपल्या सहलीच्या तारखा बदलता येत नसतील, तरी त्या सहा दिवसांतला कोणता दिवस बोटीला द्यायचा हे तिथी पाहून ठरवता येईल.

दुसरी गोष्ट लाईफ जॅकेटची, आणि ती मी कळकळीने लिहितो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांना परत आणणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या दिवसानंतर आमच्या घरातले कोणीही बकल स्वतः ओढून पाहिल्याशिवाय बोटीत पाय ठेवत नाही. जॅकेट मापाचे आहे ना, खांद्यावरून वर सरकत तर नाही ना, हे किनाऱ्यावरच पाहावे. तुटलेले असेल तर दुसरे मागावे. तो देत नसेल तर त्या बोटीत बसू नये, मग पैसे भरलेले असले तरी चालेल. बोटीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे ते वाचावे आणि माणसे मोजावीत. आपल्या माणसांना यात संकोच वाटतो. तो वाटू देऊ नका.

काचेच्या तळाच्या बोटीची एक जमेची बाजूही सांगतो. काच मधोमध असते आणि बाके कडेने, त्यामुळे पाहताना सगळे आतल्या बाजूला वाकतात आणि बोट एका कुशीवर कलत नाही. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत कोणी "तो बघा" म्हणाले की सगळे एकाच बाजूला धावतात. तो प्रकार इथे होत नाही.

प्रकाशकिरण (उत्तर)

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे, त्यामुळे वेळेच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. गेल्या वर्षी आपल्याला काही दिसले नाही यात काचेवरच्या ओरखड्यांइतकाच दुपारी चारच्या उन्हाचाही दोष होता.

समुद्राचा पृष्ठभाग दोन कारणांनी आपल्याला आत पाहू देत नाही. त्यावर आकाश परावर्तित होते, आणि लाटांमुळे प्रत्येक क्षणी प्रकाशाची दिशा बदलत राहिल्याने आतले चित्र मोडते. पाण्याला टेकलेली सपाट काच दुसरे कारण पूर्णपणे काढून टाकते, कारण आपण ज्या पृष्ठभागातून पाहतो तो आता हलत नाही. म्हणूनच भूमध्य समुद्रातले स्पंज काढणारे लोक तळाला काच बसवलेली बादली पाण्यात दाबून तळ न्याहाळत असत. काचेच्या तळाची बोट हे त्याच बादलीचे मोठे रूप आहे.

पहिले कारण, म्हणजे परावर्तन, काच लावूनही थोडे उरते. बोटीचे छत, आपला पांढरा शर्ट आणि कडेचे चकाकते पाणी हे सारे काचेत दिसते. त्यावर साधा उपाय आहे: गडद रंगाचे कपडे घालावेत आणि एक काळी छत्री जवळ ठेवावी. आई वाकून पाहत असताना तिच्या डोक्यावर आणि काचेवर ती धरली की काचेतले आकाश नाहीसे होते आणि तळ एकदम उजळ दिसतो.

आता सूर्य. तो जितका डोक्यावर, तितका त्याचा प्रकाश पाण्यात खोल उतरतो. कलल्यावर त्याचा बराचसा भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो आणि उरलेल्याला पाण्यातून लांबचा, तिरपा प्रवास करावा लागतो. इथे एक गोष्ट कोल्हापूरकरांच्या लक्षात येत नाही. आपले घड्याळ आणि अंदमानचे घड्याळ एकच आहे, पण सूर्य एक नाही. कोल्हापूर सुमारे ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर सुमारे ९२.७ अंशांवर. फरक साडेअठरा अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटे धरली तर सव्वा तासाचा. आपल्याकडे सूर्य साडेबारा ते पाऊण या वेळेत माथ्यावर येतो, तर तिथे फेब्रुवारीत साडेअकराच्या सुमारास. म्हणून तिथे सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड ही वेळ चांगली. इथल्या सवयीने जेवण उरकून तीन वाजता गेलात तर तिथला सूर्य आपल्या सव्वाचारसारखा कललेला असेल.

दिसण्याबद्दल दोन अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्याव्यात. सरळ खाली पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांश अंतरावर भासते. चार मीटरवरचा प्रवाळ तीन मीटरवर असल्यासारखा, आणि म्हणून थोडा मोठाही वाटतो. त्याचबरोबर पाणी लाल रंग आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खाली सर्वच गोष्टी निळसर-हिरवट दिसतात. दूरचित्रवाणीवरचे झगझगीत लाल आणि केशरी रंग दिवे लावून चित्रित केलेले असतात.

आपल्या आई विज्ञानाच्या शिक्षिका आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको, तरी सोबतच्यांसाठी लिहितो. निरोगी प्रवाळ बहुधा तपकिरी, पिवळसर किंवा शेवाळी दिसतो, कारण त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला रंगही देतात आणि अन्नही. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागीदारी मोडते, शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा होतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले होते. तेव्हा पांढराशुभ्र प्रवाळ पाहून कोणी "किती सुंदर" म्हणाले, तर तो आजारी किंवा मेलेला असू शकतो हे सांगण्याची संधी आईंना मिळेल.

एक विनंतीही आहे. काही बोटवाले मासे गोळा व्हावेत म्हणून पावाचे तुकडे टाकतात. पर्यटकांना ते आवडते, म्हणूनच ते करतात. आपण आधीच "पाव टाकू नका, जे आहे ते दाखवा" असे सांगावे. पॅरट फिशसारखे मासे प्रवाळांवरचे शैवाल खरवडून खातात आणि त्यामुळे प्रवाळांना मोकळी जागा मिळते. पावाची चटक लावून त्यांना त्या कामापासून दूर नेणे बरे नाही. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नये. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

राजारामपुरी आठवी गल्ली

सर्वांचे मनापासून आभार. आईला चष्मा लावून सगळी उत्तरे वाचायला दिली. रेखांशाचे गणित तिने वहीत पुन्हा करून पाहिले आणि "बरोबर आहे" असे सांगितले. भरतपूर निश्चित केले आहे आणि नीलला दोन रात्री ठेवल्या आहेत.

एक शंका राहिली. आईला घाटात गाडी लागते. मग बोटही लागेल का, आणि विशेषतः खाली वाकून काचेतून पाहत राहिल्यावर? तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे.

शाहूपुरीचा दवाखाना (उत्तर)

लागू शकते. शरीर हलत असल्याचे कानाच्या आतला तोल सांगतो आणि डोळे मात्र एका स्थिर चौकटीकडे पाहत असतात; या दोन संदेशांचा मेळ बसत नाही, तेव्हा मळमळते. गाडीत वाचताना होते तेच. म्हणून सलग पाहत राहू नये. दोन-तीन मिनिटे काचेतून पाहावे आणि मग मान वर करून क्षितिजाकडे किंवा किनाऱ्यावरच्या झाडांकडे पाहावे. बोटीच्या मध्यभागी, इंजिनाच्या धुरापासून दूर बसावे. उपाशी जाऊ नये आणि तळलेले खाऊनही जाऊ नये. इडली किंवा साधी पोळी पुरे. आल्याचा तुकडा तोंडात ठेवल्याने अनेकांना बरे वाटते.

गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनी या वयात गुंगी येते आणि तोल जाऊ शकतो. नव्या गुडघ्यासह बोटीतून उतरताना ते मला धोक्याचे वाटते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगून विचारल्याशिवाय देऊ नका. उथळ, शांत पाण्यातल्या २०-२५ मिनिटांच्या फेरीसाठी बहुधा गोळीची गरज पडणार नाही. मोठ्या फेरीबोटीच्या प्रवासासाठी मात्र आधी विचारून ठेवा.

राजारामपुरी आठवी गल्ली (परतल्यानंतर)

आम्ही गेल्या आठवड्यात परत आलो. ज्यांनी इतक्या आस्थेने लिहिले त्यांना वृत्तान्त कळवणे हे माझे कर्तव्य आहे, आणि पुढे कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असेल तर त्यांनाही उपयोग व्हावा.

पहिल्या दिवशी वारा होता. किनाऱ्यावर पाणी दुधी दिसत होते आणि बोटवाल्याने स्वतःच सांगितले की आज नेऊ शकतो, पण दिसणार नाही. दोन रात्री ठेवल्याचे त्या वेळी सार्थक झाले. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही सकाळी दहाला निघालो. भरती चढत होती. जॅकेटचे बकल मी ओढून पाहिले, आईनेही पाहिले. आमच्यासह आठजण होते आणि बोटीवर दहाची परवानगी लिहिलेली होती. चढण्यासाठी प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने खलाशी. आईने उजवा पाय आधी टाकला, बसली, आणि मग डावा पाय हाताने उचलून आत घेतला. एवढे एक मिनिट सोडले तर गुडघ्याचा त्रास कुठेही झाला नाही.

पहिली पाच मिनिटे नुसती वाळू होती, लाटांच्या वळ्या पडलेली, त्यावर दोरखंडासारख्या काळ्या समुद्रकाकड्या. मला वाटले, पुन्हा तेच होणार. मग काचेखाली एक तपकिरी ढेकूळ सरकत आले, त्यावर मेंदूसारख्या नागमोडी रेघा, आणि त्यानंतर ती ढेकळे संपेचनात. मी छत्री उघडून धरली. तिचा परिणाम खरोखर दिवा लावल्यासारखा होतो. शेजारच्या कुटुंबातील मुलगाही सरकून छत्रीखाली आला. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांमध्ये नखाएवढे निळे मासे होते, बोटीची सावली पडली की सगळे एकदम फांद्यांत शिरायचे आणि सावली सरकली की एकदम बाहेर यायचे. एका पॅरट फिशने खडकाचा चावा घेतला आणि त्याच्या मागे पांढरी धूळ उडाली. आईने त्या मुलाला सांगितले की किनाऱ्यावरच्या वाळूतला काही भाग याच माशाच्या पोटातून आलेला असतो. मुलाला ते पटले नाही आणि बोटवाल्याने आईला दुजोरा दिला.

सगळेच काही हिरवेगार आणि निरोगी नव्हते, हेही लिहिले पाहिजे. मोडलेल्या फांद्यांचे ढीग बरेच होते आणि काही ठिकाणी राखाडी, शेवाळ चढलेले मेलेले प्रवाळ होते. आई त्यांच्याकडेही तितकाच वेळ पाहत होती. फेरी २५ मिनिटांची होती. दोन-तीन मिनिटांनी मान वर करण्याचा सल्ला तिने पाळला नाही, मी दर वेळी आठवण करून दिली. तरी तिला बोट लागली नाही. मला मात्र शेवटी थोडे मळमळले.

संध्याकाळी मुक्कामी ती वही घेऊन बसली. तिने तिची नेहमीची आकृती काढली, म्हणजे प्रवाळाचा एक जीव, मध्ये तोंड आणि भोवती फुललेली शुंडके, आणि मग शेजारी दुसरी काढली, ज्यात शुंडके आत ओढलेली होती. बहुतेक दगडी प्रवाळांची शुंडके रात्री भक्ष्य धरण्यासाठी बाहेर येतात आणि दिवसा मिटलेली असतात, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते; पण वर्गात तिने ३१ वर्षे फक्त फुललेलीच काढली होती, कारण पाठ्यपुस्तकात तशीच होती. आता ती दोन्ही आकृत्या स्वच्छ काढून तिच्या जुन्या शाळेत नेऊन देणार आहे. येत्या सोमवारी मी तिला सोडायला जाणार आहे.

नॉर्थ बेसाठी राखलेला अर्धा दिवस आम्ही वापरला नाही. तिथल्या अर्ध-पाणबुडीसारख्या बोटीचा जिना कसा आहे, त्याला कठडा आहे का, हे कोणी पाहिले असेल तर कृपया इथे लिहा. आईची मावशी ७४ वर्षांची आहे आणि आईचे बोलणे ऐकल्यापासून तीही विचारते आहे.